मधले रंग कोण ठरवतं?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ३७ वर्षांचे आहेत. तालुक्याच्या गावी १४ वर्षं डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्स हे रोजचं काम, सगळं कोरल या सॉफ्टवेअरमध्ये. आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, फ्लेक्सचा दर पडला आणि गावातले दुकानदार इन्स्टाग्रामच्या पोस्ट मागू लागले. एका सराफांसाठी त्यांनी दिवाळीची पोस्ट केली, तर सराफांच्या मुलाने "काका, हे बॅनर वाटतंय" म्हणून परत पाठवली. पुण्यात उपयोजित कला शिकणारी भाची म्हणाली, "मामा, तुझे ग्रेडियंट फ्लेक्ससारखे दिसतात." (ग्रेडियंट म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरत जाणारी छटा.) सहा महिने व्हिडिओ बघून झाले, हजारभर तयार ग्रेडियंट उतरवून घेतले. ते वापरले की बरं दिसतं, स्वतः केला की गढूळ. गर्द बॅकग्राउंडवर मोबाइलमध्ये पट्टे दिसतात ते वेगळंच. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत : ४२ हजारांचा कोर्स करायचा, ग्रेडियंट सोडून सगळं फ्लॅट, म्हणजे सपाट रंगात, करायचं, किंवा रंगांची नजर जन्मजात असावी लागते असं मानून गुपचूप फ्लेक्सच करत राहायचं. जाता जाता कंसात लिहिलंय : "शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड होती."

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात ढकलून दिलीत. तिच्याकडे येतेच. आधी भाचीचं बोलणं बघू, कारण ते तुम्हाला फार लागलेलं दिसतंय.

"फ्लेक्ससारखे दिसतात" ही शिवी आहे, असं तुम्ही का धरून चाललात? फ्लेक्स लागतो कुठे? एसटी स्टँडसमोर, भर दुपारच्या उन्हात, दोन खांबांच्या मधे, विजेच्या तारांच्या मागे. बघणारा मोटरसायकलवर असतो आणि त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तिथे साहेबांच्या नावाला पिवळा, केशरी, लाल आणि वर पांढरी आउटलाइन हवीच. नाहीतर नाव वाचलं जात नाही आणि कार्यकर्ते तुमच्या दुकानात येऊन बसतात. कीर्तनकाराने देवळात आवाज चढवला तर कुणी त्याला मोठ्याने बोलतोस म्हणून हटकत नाही. तोच घरी येऊन त्याच पट्टीत चहा मागू लागला तर बायको दचकेल. तुमची पोस्ट हातभर अंतरावरून, रात्री अंथरुणात पडून, आतून उजळलेल्या काचेवर पाहिली जाणार होती. तुम्ही तिच्यावर एसटी स्टँडच्या पट्टीतला रंग लावलात. चूक अंतराची झाली. तिला अभिरुचीचं नाव देऊन स्वतःला खाली बसवू नका.

फ्लेक्सने तुम्हाला एक अवघड गोष्ट शिकवून ठेवली आहे, तीही सांगते : सोनेरी नाव. गर्द तपकिरी, मग पिवळा, एकदम जवळजवळ पांढरा, लगेच परत तपकिरी, परत पिवळा. पाच-सहा स्टॉपचा (स्टॉप म्हणजे पट्टीवर ठरवून ठेवलेला एकेक रंग) हा ग्रेडियंट तुम्ही झोपेतही मारत असाल. तो सोन्यासारखा का दिसतो, याचा विचार केलाय कधी? गुळगुळीत धातू आरशासारखा आजूबाजूचं दाखवतो. खिडकीचा उजेड, लगेच शेजारची अंधारी भिंत, परत उजेड. म्हणून धातूत उजेड-अंधार एकमेकांना चिकटून, तुटक येतात. कापडात, भिंतीत, आकाशात, गालावर ते असे येत नाहीत. तिथे उतार लांब असतो. तुमच्या हाताला धातूची सवय लागली आणि तीच सवय तुम्ही आकाशालाही लावता. भाचीला जे खुपलं ते बहुधा हेच. तिला अजून ते नेमक्या शब्दांत सांगता येत नसेल, शिकतेय ती.

आता तुम्ही पत्रासोबत पाठवलेली दिवाळीच्या पोस्टची फाइल. उघडून बसले होते काल संध्याकाळी. वर गर्द निळा, रात्रीचा. खाली पिवळा, दिव्यांचा. कल्पना चांगली आहे. मधोमध सोन्याचा हार. आणि त्या हाराखाली ड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) लावून रंग मोजला, तर राखाडी! सोन्याचा हार तुम्ही नेमका राखेवर नेऊन ठेवलाय.

हा राखाडी तुम्ही निवडला होता का? नाही. तुम्ही निळा निवडलात आणि पिवळा निवडलात. मधले सगळे रंग सॉफ्टवेअरने निवडले आणि त्याची निवड म्हणजे निव्वळ सरासरी. कागदावर करून बघा. भडक निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. भडक पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. दोन्हींची सरासरी काढा : १२८, १२८, १२८. म्हणजे शुद्ध राखाडी, त्यात रंगाचा अंशही नाही. लाल आणि हिरव्याची सरासरी काढलीत तर १२८, १२८, ०, म्हणजे शेवाळी, डबक्यातल्या पाण्याचा रंग. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो आणि काळ्या या चार शाईंच्या हिशेबात ठेवली म्हणून सुटका होत नाही. सायन-मॅजेंटाचा निळा आणि यलोचा पिवळा यांच्या मधोमध तिन्ही शाई निम्म्या-निम्म्या येतात आणि मातकट करडा उमटतो. रंगचक्रावर समोरासमोरचे रंग घेतले की सरळ रेष चक्राच्या मध्यातून जाते आणि मध्यात रंग नसतोच.

तेव्हा "गढूळ" ही तुमची नजर कमी असल्याची खूण नाही. ते गणित आहे आणि ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. पुण्यातल्या पोरांनाही.

तुम्ही उतरवून घेतलेले हजार ग्रेडियंट चांगले का दिसतात, तेही यातच आलं. त्यातला एक उघडा आणि खालच्या पट्टीवर किती स्टॉप आहेत ते मोजा. तीन असतील, चार असतील, एखाद्यात सहा. कुणीतरी बसून मधले रंग ठरवले आहेत. तुम्ही दोन टोकं पकडलीत आणि मधलं रामभरोसे सोडलंत.

आता तो कंस. इंटरमिजिएटला ए ग्रेड. म्हणजे तुम्ही जलरंगात आकाश केलेलं आहे. आठवा, कसं केलं होतं. बोर्ड थोडा तिरका, ब्रशभर निळा, वरून पहिला आडवा हात. त्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब साचतो, तो वाळायच्या आत दुसरा हात, ब्रशात थोडं जास्त पाणी. मग तिसरा, अजून पाणी. कुणी गरम हवेने वाळवायला घाई केली की मधे रेघ. वर निळा फासला, खाली पांढरा सोडला आणि मधलं कागद बघून घेईल, असं वर्गातल्या एकाही पोराने केलं नसेल. प्रत्येक हाताला किती पाणी, हे तुम्हीच ठरवत होतात. मग कोरल उघडल्यावर ते ठरवणं का सोडलंत?

(तुम्ही कंसात लिहिता, मग मीही लिहिते. मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधलं एखादं जुनं लक्ष्मीचं चित्र कुणाच्या घरी सापडलं तर गालावर भिंग धरून बघा. लिथोग्राफीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटेचा उतार आणायला दगडावर ठिपके हाताने दिलेले. कुठे दाट, कुठे विरळ. मधला रंग ठरवण्यात माणसांचे दिवसच्या दिवस जात. तुम्हाला चार स्टॉप टाकायला चार मिनिटं लागतील.)

"रंगांची नजर जन्मजात असते" याला माझं उत्तर असं, की तुमच्यापाशी एकदा ती होती, याचा सरकारी कागद तुमच्याकडे आहे. ती हरवली नाही, तिला काम मिळालं नाही. काम देऊ या.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी दुकानाच्या गच्चीवर जाऊन आकाशाचा एक फोटो काढा. फिल्टर नको. फोटो संगणकावर घ्या आणि वरून खाली, सरळ रेषेत, पाच ठिकाणी ड्रॉपर लावा. पाचही रंगांचे आकडे वहीत लिहा. मग त्या पाच आकड्यांचा ग्रेडियंट स्वतः बनवा आणि फोटोशेजारी ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन गोष्टी तुमच्या लक्षात येतील. एक, रंग खाली येताना नुसता फिका होत नाही, तो सरकतोसुद्धा. निळा खाली येता येता थोडा हिरवट होतो, मग पांढुरका, मग पिवळट, मग क्षितिजाजवळ धुळीचा गुलाबी. दोन, पाच रंगांमधली अंतरं सारखी नसतात. वरचा निळा अर्धं आकाश खातो आणि खालचे तीन रंग हातभर जागेत गर्दी करतात. तुमच्या फाइलमध्ये दोनच स्टॉप आहेत आणि त्यांच्या मधला सरकता दांडा बरोबर ५० टक्क्यांवर. निसर्गात मला तरी ५० वरचा दांडा फारसा भेटलेला नाही.

आकाशाचा कंटाळा आला तर भिंतीवरचा ट्यूबलाइटचा उजेड घ्या, पितळी तांब्या घ्या, वांगं घ्या. वांग्यात जांभळ्याचा काळा होताना जो रंग लागतो तो नुसता काळा मिसळून येत नाही. करून बघा.

हेच छपाईला लावायचं तर एक युक्ती, जी तुम्हाला माहीत असेलही : लालाकडून काळ्याकडे जाताना काळ्याच्या स्टॉपमध्ये नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, ठेवलात, तर मधे लाल शाई निम्मी आणि काळी निम्मी येते आणि विटकरी राख तयार होते. काळ्यातही मॅजेंटा १०० आणि यलो १०० तसेच राहू द्या. मग लाल शेवटपर्यंत टिकतो आणि वर फक्त काळा चढत जातो. शाईचा एकूण भार ३०० टक्के होतो. चकचकीत आर्टपेपरला तो चालून जातो, वर्तमानपत्राच्या कागदाला नाही. तिथे तुमच्या प्रेसवाल्याला विचारून कमी करा.

पडद्यासाठी मात्र निळ्या-पिवळ्याच्या मधे वाट बदलावी लागेल. कोरलच्या फाउंटन फिलमध्ये (तिथे ग्रेडियंटला हेच नाव आहे) रंग सरळ न मिसळता रंगचक्रावरून घड्याळाच्या दिशेने किंवा उलट फिरवत नेण्याची सोय आहे. ती वापरून बघा, पण सावध राहा. चक्र लांबून फिरलं की इंद्रधनुष्य होतं आणि मग सराफांचा मुलगा "काका, हे तर अजूनच बॅनर" म्हणेल. फोटोशॉपच्या २०२२ च्या आवृत्तीपासून ग्रेडियंटला मिसळण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. त्यातली 'पर्सेप्च्युअल' नावाची पद्धत डोळ्याला जसं वाटतं त्याच्या जवळ जाते. तरीही माझं मत विचाराल तर यंत्राच्या पद्धतीवर विसंबण्यापेक्षा मधे स्वतःचे दोन स्टॉप टाका. तुमच्याच पोस्टसाठी मी हे आकडे लावून पाहिले, लाल-हिरवा-निळा या क्रमाने : वर २०, २२, ७०, त्याखाली ९२, ३०, ९०, मग २०५, ८०, ५० आणि तळाला २५०, १९०, ८०. निळा जांभळातून उतरतो, विटकरी केशरी होतो आणि दिव्याच्या पिवळ्यात संपतो. हार जांभळा आणि केशरी यांच्या मधे येतो. राखेपेक्षा बरीच बरी जागा. आणि फाइल घडीभर करड्या छटेत बदलून बघा : अंधाराकडून उजेडाकडे एकसारखं चढत जायला हवं, मधे खड्डा पडला तर कुठल्यातरी स्टॉपचा रंग चुकला.

पट्ट्यांचं आता. तुम्ही लिहिलंत की दुसऱ्या एका पोस्टच्या मरून बॅकग्राउंडवर मोबाइलमध्ये जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात आणि तुम्ही त्याचा दोष जुन्या संगणकाला दिलात. संगणक बिचारा निर्दोष आहे. नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ च पायऱ्या असतात. तुमचा मरून वरून खाली लाल ६० पासून ४० पर्यंत उतरतो, म्हणजे हातात पायऱ्या जेमतेम वीस. स्टेटसची उंची १९२० पिक्सेल. भागून बघा : एकेक पायरी ९६ पिक्सेलची. ती दिसणारच. हीच शेड दहा फुटी फ्लेक्सवर मारलीत तर एकेक पट्टा सहा इंचांचा होईल. १४ वर्षांत कुणी तक्रार केली नाही, कारण फ्लेक्सच्या मशीनच्या ठिपक्यांनी तो थोडा झाकला आणि बाकीचा अंतराने. फोनची काच काही झाकत नाही.

त्यातून आपला डोळा चहाडखोर. शेजारशेजारच्या दोन छटा भेटतात त्या रेषेवर तो फरक वाढवून दाखवतो. उजळ पट्टा कडेला अजून उजळ, गडद पट्टा अजून गडद. अर्न्स्ट माख नावाच्या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे मांडलं, त्या पट्ट्यांना त्याचंच नाव आहे. फोटोवर खालून काळी शेड चढवता, तेव्हा ती जिथे संपते तिथे एक भुताटकीची रेघ दिसते ना? तीच ही. तिथे काळा एकदम संपवू नका. दाटपणाचे (ओपॅसिटीचे) आणखी दोन-तीन स्टॉप देऊन शेपटी लांब करा : ८०, मग ४५, मग १८, मग ५, मग शून्य.

मरूनवर उपाय तीन. पहिला, उतार वाढवा : ६० ते ४० ऐवजी ९० ते ३० न्या, पायऱ्या तिप्पट होतील. दुसरा, थोडी वाळू टाका. फोटोशॉपमध्ये 'अ‍ॅड नॉइज' एक-दोन टक्के, मोनोक्रोमॅटिकवर खूण करून. ग्रेडियंट टूलच्या 'डिदर'वर खूण आहे ना, तेही बघा. कोरलमध्ये बॅकग्राउंड आधी बिटमॅप करून मग नॉइज द्या. वाळू डोळ्याला दिसत नाही, पण पट्ट्यांच्या कडा मोडते. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त : गिऱ्हाइकाला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती वाटेत दाबली जाते आणि गुळगुळीत उतार सगळ्यात आधी मरतो. तुमच्या पोस्टचा निम्मा बट्ट्याबोळ कदाचित तुमच्या दुकानातून सराफांच्या दुकानापर्यंत जाताना झाला असेल.

अक्षरांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण फाइल बघून राहवत नाही. 'शुभेच्छा' या शब्दाला तुम्ही वर मरून, खाली पिवळा असा उभा ग्रेडियंट दिलाय आणि तो शब्द नेमका खालच्या पिवळ्या भागात आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत हे खपून जातं, ती सगळी एका उंचीची असतात. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि तळाला उकार, जोडाक्षराचे पाय. ग्रेडियंटचा सगळ्यात फिका भाग नेमका तिथे जातो. मी फोन हातभर लांब धरला, तर शुभेच्छांचा उकार गेला होता. तुमच्या सराफांनी गावाला 'शभेच्छा' दिल्या असत्या. देवनागरीला ग्रेडियंट द्यायचाच तर आडवा द्या, किंवा उभा दिलात तर दोन्ही टोकं बॅकग्राउंडपासून भरपूर लांब ठेवा. वेबसाठीच्या मानकांत बारीक मजकुराला किमान ४.५ ला १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) सांगितलाय, मोठ्याला ३ ला १. आकडा तपासणारी साधनं फुकट मिळतात. फक्त मोजायचं कुठे, तर जिथे अक्षर बॅकग्राउंडमध्ये सगळ्यात जास्त बुडालंय तिथे. सरासरी काढून समाधान मानू नका.

आता तुमच्या तीन वाटा.

सगळं फ्लॅट करणं ही पळवाट म्हणून वाईट, सराव म्हणून उत्तम. २०१३ मध्ये आयफोनने चामडं, लाकूड, काचेची चकाकी सगळं पुसून पडदा सपाट केला, तेव्हा ग्रेडियंट मेला असं माझ्यासकट पुष्कळांनी जाहीर केलं होतं. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने आपला तपकिरी कॅमेरा काढून जांभळा-गुलाबी-केशरी चौकोन आणला, आणि पुढे जो-तो तसाच चौकोन मागायला लागला. फॅशनच्या मागे धावून तुम्ही नेहमी दोन वर्षं मागेच राहाल. पण महिनाभर प्रत्येक काम आधी सपाट रंगात करा. सपाट रंगात मांडणी उभी राहिली नाही तर शेड मारून ती उभी राहणार नाही. ग्रेडियंटमागे मांडणीतल्या चुका लपवायची खोड आपल्या सगळ्यांना आहे. आणि काही ठिकाणी तर सपाटच लागतं, हे भाचीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे : रबरी शिक्का, एकरंगी बिलबुक, विनाइल कटिंग, कापडी पिशवीवरची स्क्रीन प्रिंट. लोगो करताना आधी सपाट करा, ग्रेडियंटचा मागाहून.

कोर्स. ४२ हजार ही लहान रक्कम नाही, तुमच्या किती पत्रिका झाल्या ते तुम्हीच मोजा. मी कोर्सच्या विरोधात नाही, पण तुम्हाला टूल शिकायचं नाहीये. ते तुम्हाला येतं. तुम्हाला हवाय तो तुमच्या कामावर बोट ठेवून "इथे चुकलंय" म्हणणारा माणूस. त्यांना विचारा : दर आठवड्याला माझं स्वतःचं काम कोण तपासणार, एका तुकडीत किती जण, तपासणारा स्वतः काम करतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे घरीच राहू द्या. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकटात सुरू करता येतं, इंकस्केप तर पूर्ण फुकट आहे. त्या ४२ हजारांतले दोन-तीन हजार खर्चायचेच असतील तर दुकानाच्या खिडकीला पडदा लावा. तुम्ही पाठवलेल्या दुकानाच्या फोटोत मॉनिटरवर थेट ऊन पडलेलं दिसतंय. तशा उजेडात बसून रंग ठरवणारा माणूस सगळं भडकच करणार.

तपासणारा माणूस तुमच्या घरातच आहे, पण तुम्ही तिच्यावर रुसून बसलाय. दिवाळीच्या सुट्टीत भाचीला दोन दिवस दुकानात बसवा. ती तुमचे ग्रेडियंट तपासेल, तुम्ही तिला प्रेसवर न्या. ३०० टक्के शाई साध्या कागदावर कशी सुकत नाही आणि पाठच्या पानाला कशी लागते, हे वर्गात सांगून कळत नाही. तिलाही तुमच्याकडून घेण्यासारखं आहे, आणि मामाच्या दुकानात फी लागत नाही.

तिसरी वाट, गुपचूप फ्लेक्स करत राहणं. फ्लेक्स करत राहा, दुकान त्यावर चालतं. फक्त 'गुपचूप' काढून टाका.

त्या पोस्टमधल्या पणतीचं राहिलं. तिच्याभोवती तुम्ही गोल ग्रेडियंट दिलाय, पिवळ्याकडून निळ्याकडे, दांडा ५० वर. त्यामुळे पणतीमागे पितळी ताट उभं केल्यासारखं दिसतं. उजेड असा पसरत नाही. ज्योतीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणजे सुरुवातीला झपकन उतरतो आणि मग बराच वेळ रेंगाळतो. आज रात्री दिवे घालवून देवघरातल्या समईकडे बघा. ज्योतीलगत जवळजवळ पांढरा, बोटभर अंतरावर पिवळा, वीतभर अंतरावर केशरी, आणि मग भिंतीवर तो तपकिरी-लाल, जो कुठे संपतो ते सांगता येत नाही. दांडा ज्योतीकडे ओढा, २०-२५ पर्यंत. गोलाचा मध्य पणतीच्या मध्यावर नको, वातीच्या टोकावर ठेवा. आणि हाराच्या पणतीकडच्या कडांना तोच केशरी थोडासा लागू द्या, म्हणजे हार आणि दिवा एका खोलीत आले असं वाटेल.

नवी पोस्ट केलीत की मला जरूर पाठवा. जेपीजी नको, मूळ फाइल.